हातातल्या कागदाची बाराखडी

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. ग्रंथांचा इतका दीर्घ सहवास ज्या परिसराला लाभला, त्याच परिसरात बँकेच्या खिडकीशी, शिधावाटपाच्या दुकानात आणि ठेकेदाराच्या हजेरीवहीत ‘निशाणी डावा अंगठा’ हा मजकूर अद्याप उमटावा, ही गोष्ट मला कित्येक वर्षे अस्वस्थ करीत आली आहे. २०११ च्या जनगणनेत तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची साक्षरता सुमारे साडेचौऱ्याऐंशी टक्के भरली होती. मात्र उरलेल्या साडेपंधरा टक्क्यांत कोण माणसे आहेत, हे पाहावयाचे असेल तर पहाटे मजूर नाक्यावर उभे राहावे.

या माणसांना शिकविण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी झाले असे नव्हे. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. १९५९ साली साताऱ्यातून ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि गावेच्या गावे साक्षर झाल्याचे ग्रामगौरव समारंभ झाले. १९६७ साली मुंबईत देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ उभे राहिले. पुढे १९७८ चा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९८८ चे साक्षरता मिशन आले. सध्या चालू असलेला नव भारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, पंधरा वर्षांवरील सर्वांसाठी असून, त्याच्या वाचन, लेखन व गणिताच्या दीडशे गुणांच्या चाचणीला १७ मार्च २०२४ रोजी राज्यभर आजोबा-आजी बसले. या सर्व उद्योगांविषयी मला आदरच आहे. परंतु नोंदणीच्या आणि समारंभाच्या दिवशी जी तजवीज दिसते, ती त्यानंतरच्या दिवसांसाठी क्वचितच केलेली असते.

डोंबिवली पूर्वेला एका चाळीच्या ओसरीवर आम्ही संध्याकाळचा वर्ग चालवीत असू. पहिला महिनाभर मी शाळेतल्याप्रमाणे ‘ग म भ न’ गिरवून घेतले. एके दिवशी चार घरी पोळ्या करणाऱ्या एक मावशी पाटी बाजूला ठेवून म्हणाल्या, “बाई, सही येते मला. पोराच्या शाळेत करते की. पण कशाखाली करते, ते कळत नाही.” त्या एका वाक्याने माझी सारी पाठ्ययोजना मोडली, आणि ती मोडली हे फार बरे झाले. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकीने घरातला एक कागद आणावा असे ठरले, आणि विजेचे बिल, बँकेचे पासबुक, दवाखान्याचा केसपेपर, गावच्या जमिनीचा जुना सातबारा अशी जी संपत्ती ओसरीवर जमली, तिच्यापुढे छापील प्रवेशिका निस्तेज वाटू लागली. पासबुकातले स्वतःचे नाव जिने एकदा शोधून काढले, तिला त्यातली अक्षरे पुन्हा शिकवावी लागली नाहीत.

१९६३ साली ब्राझीलमधील आंगिकोस या गावी शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेअरे यांनी मजुरांना शिकविताना हाच मार्ग धरला होता. त्यांच्या निवडक शब्दांतला एक ‘तिजोलो’, म्हणजे वीट. भिवंडी-मुरबाडकडच्या वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या कातकरी कुटुंबांना हा शब्द परका कसा वाटेल? ‘वीट’ फोडून व-वा-वि-वी आणि ट-टा-टि-टी या दोन ओळी मांडल्या, की वाट, वाटी, वाटा हे शब्द शिकणारा आपणच जुळवितो. आगाऊ मजुरीचा ‘उचल’ हा शब्द घेतला तर चाल, चूल आणि लाचही हाती येते. पोर्तुगीज भाषेसाठी फ्रेअरेंना अक्षरकुटुंबांचे तक्ते मुद्दाम तयार करावे लागले, आपल्याकडे मात्र बाराखडीच्या रूपाने ते पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. दोष बाराखडीत नसून तिला अर्थापासून तोडून घोकून घेण्यात आहे. ‘वाटा’ फळ्यावर आला की मालकाचा किती आणि आपला किती ही चर्चा निघते, आणि ती निघू द्यावी. सोलापूर-कलबुर्गीकडून आलेल्या बायकांना आधी आपल्या बोलीत बोलू द्यावे, मराठी मागाहून येते.

गणिताच्या बाबतीत तर शिकविणाऱ्यानेच नम्र व्हावे. मासळीचे वाटे लावून दहा गिऱ्हाइकांचा हिशेब तोंडी चुकता करणाऱ्या आगरी मावशींना बेरीज शिकविणे हा त्यांचा अवमान आहे. त्यांना हवे असतात ते केवळ अंक. तेही दोन प्रकारचे, कारण पुस्तिका देवनागरी अंक शिकवितात, तर मोबाईल आणि मीटर इंग्रजी अंक दाखवितात. इंग्रजी नऊ हा मराठी एकासारखा दिसतो, आणि त्यामुळे चुकीचा नंबर लागलेल्या कित्येक जणी मी पाहिल्या आहेत.

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेली आजीबाईंची शाळा शिकणाऱ्यांपासूनच सुरू झाली, म्हणून मला मोलाची वाटते. शिवजयंतीच्या वेळी गावात वाचन चालले असता आपल्यालाही वाचता यावे, ही इच्छा वृद्ध स्त्रियांनी बोलून दाखविली, आणि जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती मनावर घेतली. साठ ते नव्वद वयाच्या आजी गुलाबी नऊवारीत, दप्तर-पाटी घेऊन, दुपारी दोन ते चार या वेळात येत. त्या गणवेशाचे कौतुक वृत्तपत्रांनी पुष्कळ केले. मला त्या वेळेचे कौतुक अधिक वाटते, कारण चूल आणि शेत या दोहोंमधली फटच तेवढी आजींची स्वतःची असते. इच्छा गावाची, वेळ शिकणाऱ्यांची आणि शिक्षक रोज दिसणारा: यांपैकी एकही गोष्ट परिपत्रकाने निर्माण होत नाही.

यानंतरचा प्रश्न वाचायचे काय, हा. नवसाक्षराला बालवाङ्मय दिले की तो संकोचतो आणि वृत्तपत्र दिले की दमतो. मोठा टाइप, छोटी वाक्ये आणि प्रौढांचा विषय असलेल्या पुस्तकांचे एक कपाट, अनामत न मागता, आपल्या जुन्या वाचनालयांनी दाराशीच ठेवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या पोळ्यावाल्या मावशी पुढे आठ-दहा महिने येत राहिल्या. एका संध्याकाळी जिन्यापाशी चिकटविलेल्या सूचनेसमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या, ‘दुरुस्ती’तल्या जोडाक्षरापाशी दोनदा अडखळल्या, आणि मग मोठ्याने म्हणाल्या, “उद्या पाणी नाही गं!” त्या रात्री चाळीतली सगळी पिंपे भरली गेली.