सेकंद उसवून पाहताना

शंकरपटात बैलजोडी निघून गेली की धूळ खाली बसायच्या आत लाउडस्पीकरवरून आकडा येतो. अमुक सेकंद, मग टिंब, टिंबापुढे आणखी दोन आकडे. तेवढ्यासाठी वर्षभर जोडीला जपलेलं असतं. खरी मजा त्यानंतर चहाच्या टपरीवर सुरू होते. ‘डाव्यानंच मारलं ना जी!’ एक जण म्हणतो. दुसऱ्याच्या मते जोडी सुटतानाच अडखळली. तिसरा सगळा दोष धुरकऱ्याच्या हातावर टाकतो. तिघांनी तीच जोडी, त्याच उन्हात, एकाच बल्लीला टेकून पाहिलेली असते. किती वेळ लागला ते घड्याळानं सांगितलं. तो कुठे वाया गेला ते कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून रात्री नाटकाचा पडदा उघडेपर्यंत वाद चालतो. झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक ही जुनी सोबत आहे.

मधली काही वर्षं ही टपरी सुनी होती. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. आता पट पुन्हा भरतात आणि वादही पुन्हा रंगतात.

हा वाद मिटवणारी एक वस्तू जगात आहे. ती पाहायला पटावरून उठून मोटारीच्या एका खेळाकडे जावं लागेल. त्याचं नाव ऑटोक्रॉस. नाव परकं असलं तरी खेळ आपल्या ओळखीचा निघतो. विदर्भात काही पटांत दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात, तर काही ठिकाणी एकेक जोडी सोडून नुसतं घड्याळ लावतात. ऑटोक्रॉस हा दुसऱ्या तऱ्हेचा पट. मैदानात शंकूच्या आकाराचे कोन मांडून वळणावळणाची वाट आखायची आणि एका वेळी एकच गाडी सोडायची. शेजारी कुणी नाही, धक्काबुक्की नाही. अमेरिकेत हा खेळ विमानतळाच्या जुन्या धावपट्ट्यांवर आणि पार्किंगच्या मैदानांवर चालतो. तिथल्या सर्वांत मोठ्या संघटनेच्या नियमाप्रमाणे कोन पडला की वेळेत 2 सेकंद वाढतात. आपल्याकडे हाच खेळ बहुतेक वेळा मातीवर होतो. गाडी घरचीच असते, तीच घेऊन सोमवारी ऑफिसला जायचं असतं. हौशी माणसांचा हा खेळ, आणि माझ्या मते मोटारींच्या सगळ्या खेळांत सर्वांत प्रामाणिक.

महाराष्ट्रात मोटारींच्या शर्यतींचा जीव नाशिक-पुण्याकडे जास्त. नाशिकच्या रॅलीला मोठी परंपरा आहे. पुण्याचे संजय टकले 2025 च्या डकार क्लासिक रॅलीत वाळवंटात उतरले होते. त्या प्रकारात सर्वांत जोरात पळणारा जिंकतो असं नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग जो नेमका पाळतो, त्याचे दंडगुण कमी. मुंबई-पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजांची मुलं स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन कोइमतूरला ‘फॉर्म्युला भारत’साठी जातात, तिथेही ऑटोक्रॉसला वेगळे गुण असतात.

ऑटोक्रॉसची अडचण पटासारखीच आहे. एक फेरी मिनिटभराची आणि दिवसभरात फेऱ्या जेमतेम चार-पाच. म्हणजे पहाटे उठून, शेकडो किलोमीटर जाऊन, उन्हात उभं राहून प्रत्यक्ष चालवायला मिळतात पाचेक मिनिटं. वाट पाठ करायला आधी ती पायी चालून बघायची, मग बसायचं, सुटायचं आणि भानावर येईस्तोवर संपलेलं. वेळ कुठे गेला हे ड्रायव्हरला विचारलं तर तो छातीठोकपणे सांगतो, आणि ते बहुधा चुकीचं असतं. गाडी जिथे घसरते, टायर किंचाळतात, तिथे आपण फार जोरात होतो असं त्याला वाटतं. घसरणारी गाडी बहुतेकदा वेळ गमावत असते.

वेळ कुठे गेला याचा पहिला साक्षीदार म्हणजे कॅमेरा. शर्यतीच्या गाडीत कॅमेरा बसवणं एके काळी नवल होतं. फॉर्म्युला वनच्या प्रत्यक्ष शर्यतीत तो पहिल्यांदा धावला 1985 साली, जर्मनीत, फ्रान्स्वा एनो यांच्या रेनॉ गाडीवर. आज तो कुणाच्याही खिशात असतो. पण हा साक्षीदार फितूर आहे. 1976 साली क्लोद लेलुश या फ्रेंच दिग्दर्शकानं पहाटेच्या पॅरिसमधून सुसाट जाणाऱ्या गाडीचा आठेक मिनिटांचा एक सलग लघुपट काढला. बघताना पोटात गोळा येतो आणि कानात फेरारीचं इंजिन गर्जत असतं. पुढे लेलुश यांनीच सांगितलं की गाडी त्यांची स्वतःची मर्सिडीज होती, फेरारीचा आवाज मागाहून चढवला. लोकांनी नकाशावर अंतर मोजलं तर सरासरी वेग निघाला ताशी 80 किलोमीटरच्या आसपास. गल्ल्यांसाठी तोही भयंकर आणि बेजबाबदारच, पण पडद्यावर भासतो त्याच्या जवळपासही नाही. कॅमेरा जमिनीलगत असला की रस्ता धावतो, काचेच्या उंचीवर असला की रांगतो. वेग डोळ्यांनी मोजायची वस्तूच नव्हे.

म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. त्याला डोळे नसतात. त्याचं नाव डेटा लॉगर. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्या आत दोन गोष्टी. एक आकाशाकडे कान लावून बसते, दुसरी स्वतःच्या पोटातलं हलणं मोजते.

आकाशाकडची आधी. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून एवढंच सांगत असतात: ‘मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत.’ डबी ते ऐकते आणि निरोप यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते. चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा ठरते. प्रकाश सेकंदाच्या अब्जांशात 30 सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळाची चूक किती बारीक ठेवावी लागत असेल! आइन्स्टाइननं सांगितल्याप्रमाणे त्या उंचीवरचं घड्याळ आपल्यापेक्षा दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे पळतं. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात हिशेब सुमारे 10 किलोमीटरनं चुकेल. चंद्रपूरच्या मैदानात कोनाला वळसा घालताना सापेक्षतावाद कामाला लागलेला असतो.

वेग मात्र डबी आणखी हुशारीनं काढते. एखाद्या लहान स्टेशनात प्लॅटफॉर्मवर उभं असताना न थांबणारी गाडी शिट्टी देत गेली की पुढे जाताच शिट्टीचा सूर उतरतो. उपग्रहाच्या लहरींचा सूरही आपल्या चालीनं असाच चढतो-उतरतो. त्या फरकावरून निघालेला वेग, जागांची वजाबाकी करून काढलेल्या वेगापेक्षा बराच खात्रीचा असतो.

पण ठिपक्यांमध्ये फटी असतात, आणि ही गोष्ट आपल्या भागातल्या माणसाला वेगळी समजवावी लागत नाही. 2019 मध्ये शेजारच्या यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली होती. तो तेलंगणातून वळसा घेऊन बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, एकूण चालला सुमारे 3,000 किलोमीटर. कॉलर दर तासाला त्याची जागा टिपत होती, असे 5,000 हून जास्त ठिपके जमले. नकाशावर ते रेघेनं जोडले की वाघ सरळ चाललेला दिसतो. पण त्या तासात तो नाल्याच्या कडेनं गेला, कुठे पाणी प्यायला की तुरीच्या शेतात बसून राहिला, ते रेघेला ठाऊक नाही. साधा फोन बहुधा सेकंदाला एकदाच जागा टिपतो. ताशी 60 किलोमीटरवर गाडी तेवढ्यात जवळपास 17 मीटर जाते. ऑटोक्रॉसमधलं एक अख्खं वळण दोन ठिपक्यांच्या फटीत पडून हरवू शकतं. चांगला लॉगर सेकंदाला 10 किंवा 25 वेळा टिपतो, मग फट पावणेदोन मीटरवर, नाही तर हातभरावर येते.

उरलेली फट दुसरी वस्तू भरते, ती म्हणजे ॲक्सिलरोमीटर. सिलिकॉनच्या नखभर तुकड्यात कोरलेलं, केसाहून बारीक स्प्रिंगांवर तोललेलं एक वजन. एसटीनं ब्रेक मारला की आपण पुढे झुकतो, तसंच तेही झुकतं. त्याला कंगव्यासारखे दात असतात. शेजारच्या स्थिर दातांपासूनचं अंतर कणभर बदललं तरी विजेत फरक पडतो आणि तो सेकंदाला शंभर वेळा मोजता येतो. फोन आडवा केला की चित्र फिरतं ते याच यंत्रामुळे.

आता या आकड्यांतून जे दिसतं ते पाहा. गाडी रस्त्याला धरते ती चार तळहातांएवढ्या रबरानं. 10 मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी 36 किलोमीटरनं गेलात तर बाजूला ओढणारा जोर गाडीच्या वजनाएवढा होतो, म्हणजे एक ‘जी’. ताशी 18 नं गेलात तर जोर निम्मा होत नाही, चौथाई होतो. कोरड्या डांबरावर साध्या टायरची पकड एक जीच्या आगेमागे, मुरमावर त्याहून बरीच कमी. ही पकड म्हणजे ठरावीक पगार: ब्रेकला खर्च करा, वळायला करा, नाही तर वेग घ्यायला. मी बरीच वर्षं समजत होतो की 60 टक्के ब्रेकला गेले तर वळायला 40 उरतील. उरतात 80! कारण दोन्ही जोर काटकोनात असतात आणि हिशेब बेरजेचा नसून पायथागोरसचा असतो. 60 चा वर्ग आणि 80 चा वर्ग मिळून 100 चा वर्ग. शाळेत फळ्यावरच्या काटकोन त्रिकोणाचं करायचं काय हे कुणी सांगितलं नव्हतं. ते टायरखाली होतं. लॉगरवर हे जोर ठिपक्यांनी काढले की निष्णात ड्रायव्हरचे ठिपके ताटाच्या काठासारखे गोल बसतात, कारण तो ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरतो. नवशिक्याचे ठिपके अधिकच्या चिन्हासारखे पडतात: आधी नुसता ब्रेक, मग नुसतं वळण, आणि मधल्या जागेतली पकड फुकट जाते.

दुसरी गोष्ट तर मला अजून पटत नाही, पण आकडे खोटं बोलत नाहीत. सरळ पट्टीवर सेकंदाला 20 मीटर वेग असताना तो एक दशांशानं वाढवला तर 20 मीटरमध्ये वाचतात सेकंदाचे 9 शतांश. संथ वळणात सेकंदाला 5 मीटर वेग असताना तेवढ्याच प्रमाणात वाढवला तर त्याच 20 मीटरमध्ये वाचतात 36 शतांश, म्हणजे चौपट. वेळ दडलेला असतो संथ जागी. सगळे जोर लावतात सरळ पट्टीवर.

दोन फेऱ्यांच्या रेघा एकमेकींवर ठेवल्या की एक तिसरी रेघ निघते: प्रत्येक मीटरला तुम्ही आधीच्या फेरीतल्या स्वतःपेक्षा किती पुढे वा मागे होता. तुलना अंतराशी करायची, घड्याळाशी नाही, नाही तर एक रेघ कोनाजवळ आणि दुसरी त्याच्या अलीकडेच असते. त्या रेघेला जिथे खड्डा पडतो तिथे सेकंद हरवलेला असतो. खड्ड्याची जागा सापडली की मग व्हिडिओ लावायचा. आता फितूर साक्षीदारही कामाला येतो, कारण प्रश्न नेमका असतो: या जागी हात काय करत होते?

पटाच्या नियमांत शर्यतीचं चित्रीकरण आहेच. जूवर मधोमध एक चिमुकला लॉगर बांधला तर? त्यात बहुधा जायरोस्कोपही असतो, म्हणजे फिरणं मोजणारं यंत्र. डावा बैल बोटभर मागे पडला की जू अंशभर फिरेल, आणि कितव्या मीटरला फिरलं ते कागदावर येईल. बैलांना त्याचं ओझं कळणारही नाही. चहावाल्याचा धंदा मात्र बसेल.

एक सांगायला हवं. हे प्रयोग चंद्रपूर-मूल रस्त्यावर वेगानं गाडी हाणून करू नका. तिथे जंगलातली जनावरं रस्ता ओलांडतात आणि त्यांना ब्रेकचं गणित येत नाही. वेग लागतो तो बंद मैदानात, परवानगीनं, हेल्मेट घालून.

पण लॉगर अनुभवायला स्टिअरिंग लागतंच असं नाही. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ नावाचं मोफत ॲप फोनमध्ये घ्या आणि चंद्रपूरहून गडचिरोलीच्या एसटीत बसा. फोन मांडीवर नको, मांडी धक्के पिते. समोरच्या दांड्याला घट्ट बांधा. मूलच्या स्टँडवर शिरताना ब्रेकचा उतार दिसेल, सावली गावानंतर खड्ड्यांची झुडपं. व्याहाड सोडून वैनगंगेच्या पुलावर बस चढली की रेघेवर सारख्या अंतरानं काटे उठतील. ते पुलाचे सांधे. दोन काट्यांमधला वेळ गुणिले बसचा वेग, की एका गाळ्याची लांबी. बस ताशी 36 किलोमीटरनं चालली असेल आणि काटे 2 सेकंदांवर असतील, तर गाळा 20 मीटरचा. तुमचा किती आला ते कळवा.