शास्त्रज्ञाची भाषा आणि निसर्गरक्षण

निसर्गरक्षणासाठी शास्त्रज्ञाने लोकांपुढे यावे काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा त्याच्या तटस्थतेभोवती फिरत राहते. तो कोणत्या शब्दांत बोलतो, याचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः त्याचे म्हणणे लोकांना पटते की भिववते, हे पुष्कळदा शब्दांवरच ठरते. डॉ. माधव गाडगीळ यांचे कार्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

१९७० च्या दशकात गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला. 'देवराई' हा शब्द गावकऱ्यांचाच होता; शास्त्रज्ञांनी तिचे जैविक मोल तेवढे दाखविले. पुढे २०१० मध्ये केंद्र सरकारने गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला त्याचा इंग्रजी अहवाल मे २०१२ पर्यंत लोकांपुढे आलाच नाही. त्यात घाटाचे तीन स्तरांचे 'परिस्थितिकीदृष्ट्या संवेदनशील' विभाग सुचविले होते. हे विभाग प्राथमिक स्वरूपाचे असून अहवाल लोकभाषांत आणावा व अंतिम निर्णय ग्रामसभांशी विचारविनिमय करून व्हावा, असेही त्यात म्हटले होते. तथापि गावोगावी पोहोचला तो केवळ 'झोन' हा शब्द, आणि त्याच्यामागोमाग घरेदारे जाणार ही अफवा. 'संवेदनशील'नेही साहाय्य केले नाही. मराठी माणसाला 'संवेदनशील भाग' म्हटले की पोलीस बंदोबस्त आठवतो! २०१३ मध्ये कस्तुरीरंगन समितीने हे क्षेत्र सुमारे ३७ टक्क्यांवर आणले, तरी विरोध ओसरला नाही. गाडगीळ यांनी वृत्तपत्रांतून मराठीत आपली बाजू मांडली. पण पहिला शब्द दुसऱ्यांनी उच्चारून झाला होता.

हा प्रश्न केवळ घाटमाथ्याचा नव्हे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांच्या माहितीवरून नोंदवही करावयाची असते. या कल्पनेमागेही गाडगीळ होते. सह्याद्रीपासून दूर असलेल्या कळमनुरी तालुक्यातील ग्रामपंचायतींनाही हा नियम लागू आहे. तेथे आंध आणि बंजारा समाज नांदतात. बंजाऱ्यांची बोली मराठीहून वेगळी आहे. रानातील एकाच झाडाला दोन घरांत दोन नावे असू शकतात, आणि लॅटिन नाव तर दोघांनाही परके. अशा ठिकाणी शास्त्रज्ञाने आधी नावे विचारून घ्यावीत आणि वर्गीकरण मागाहून करावे. ज्या वहीत आपल्या झाडाचे नाव सापडत नाही, तिच्या आधारे कोणीही ग्रामसभेत उभा राहून ते झाड वाचवा असे म्हणणार नाही.