नोंद कुणाची, नोंदणारा कोण?

गेल्या जूनमध्ये एक विद्यार्थी माझ्याकडे आला. जात वैधता प्रमाणपत्रासाठी त्याने अर्ज केला होता आणि त्यात त्रुटी निघाली होती. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जोडा, असे त्याला सांगण्यात आले होते. तो म्हणाला, "सर, माझे वडील चौथीपर्यंत शिकले. आजोबा तर शाळेची पायरीच चढले नाहीत. मग त्यांचा दाखला मी आणू कुठून?"

प्रश्न मला नवा नव्हता. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. ज्या समाजाला लिहू दिले नाही, त्याच समाजाला आज लिहिलेले मागितले जाते. हा विरोधाभास केवळ एका कचेरीचा नाही. त्याला दोन शतकांचा इतिहास आहे.

आपण कार्यकर्ते कायद्याची कलमे वाचतो, निकालांवर चर्चा करतो. पण कायदा ज्या कागदावर उभा असतो, त्या कागदाचा इतिहास आपण फारसा वाचत नाही. नोंद म्हणजे घडलेल्या गोष्टीचा आरसा, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. नोंद माणसाच्या स्मरणात आहे, मोडीच्या दप्तरात आहे, छापील नमुन्यात आहे की संगणकात, यावरून कुणाचा शब्द धरायचा आणि कुणाला पुरावा मागायचा हे ठरत आले आहे. म्हणून महाराष्ट्रातल्या जमिनीच्या आणि जातीच्या नोंदींचा प्रवास आपण आपल्या बाजूने तपासला पाहिजे.

गावगाड्यात दोन दप्तरे होती. एक कुलकर्ण्याचे, मोडीत लिहिलेले, रुमालात बांधलेले. दुसरे महाराच्या डोक्यात. गावाची शीव कोणत्या ओढ्यावरून वळते, कोणत्या दगडाशी संपते, हे महाराला ठाऊक असे. शिवेचा तंटा उभा राहिला की त्याची साक्ष मोलाची मानली जाई. ज्याला गावात अंग चोरून चालावे लागे, त्याच्याच शब्दावर गाव कुठे संपते हे ठरत असे. पण ती साक्ष कागदावर उतरली की कागद कुलकर्ण्याचा. सरकारी वसूल आणि टपाल पोचवण्याचे कामही महाराचेच. म्हणजे दप्तर आमच्या डोक्यावर होते, वाचण्याचा अधिकार तेवढा नव्हता. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कुलकर्णी आणि कचेरीतील भट कामगार यांच्यावर एवढा प्रहार का केला, हे येथे उमजते.

मग इंग्रजांची साखळी आली. १८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीची मोजणी सुरू केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताला क्रमांक मिळाला, बांधाला नकाशा मिळाला. शीव आता माणसाच्या तोंडातून कागदावर गेली. जुन्या व्यवस्थेबद्दल मला हळहळ नाही. तिच्यात आमचे ज्ञान होते, पण आमचा मान नव्हता. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. नकाशाने महाराचे ज्ञान निरुपयोगी ठरवले, महाराची चाकरी मात्र तशीच ठेवली. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतन आणि चाकरी यांची गाठ कायद्यातच बांधून टाकली. रूढीची वेठ आता सरकारी नोंदीची वेठ झाली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याच कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते ही गाठ सोडवण्यासाठी. त्यापूर्वी दहा वर्षे, १९१८ साली, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले आणि महार वतनही रद्द केले. लेखणी आणि वेठ एकाच दोराची दोन टोके आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

कागदाची ताकद शेतकऱ्यांनीही ओळखली होती. १८७५ साली भीमथडी तालुक्यातील सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो आसपास पसरला. तेव्हा लोकांचा रोख होता तो कर्जखतांवर. ती हिसकावून घेतली गेली, जाळली गेली. सरकारलाही बोध घ्यावा लागला. शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधीचा १८७९ चा कायदा आला आणि शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, अशी तरतूद झाली. कर्ज किती याइतकाच ते लिहितो कोण हाही कायद्याचा प्रश्न आहे, ही त्या तरतुदीतली कबुली होय.

यानंतर आला छापील नमुना. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणी सुरू झाली. आज आपण जिला सातबारा म्हणतो ती दोन नमुन्यांची जोडी आहे: गाव नमुना सात हक्काचा आणि बारा पिकांचा. हक्कात बदल झाला की तो आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत चढतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ सांगते की, प्रमाणित नोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणजे नोंद असणाऱ्याने गप्प बसावे आणि नोंद नसणाऱ्याने कोर्टाची पायरी चढावी. फेरफाराची प्रत चावडीत लावावी, हितसंबंधितांना कळवावे, असेही संहिता म्हणते. पण ज्या चावडीच्या पायरीखाली आमच्या आज्याला उभे राहावे लागे, तिच्या भिंतीवरचा कागद त्याने वाचावा कसा?

आमच्याच घरचे सांगतो. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा मुंबईचा १९५८ चा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. वेठ गेली; ही मोठीच गोष्ट झाली. वतन जमीन मात्र सरकारजमा होऊन, आकाराच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरल्यास वतनदाराला परत मिळायची होती. न भरल्यास तो आपल्याच शेतात बेकायदा कब्जेदार ठरत होता. रक्कम थोडी होती, पण ती भरायची आहे हे सांगणारा कागद वाचणारे आमच्या वस्तीत कोणी नव्हते. माझा आजा मरेपर्यंत ते शेत कसत राहिला. तो गेल्यावर माझा बाप वारसनोंद करायला गेला, तेव्हा कळले की सातबाऱ्यावर आज्याचे नाव नाही, तेथे 'सरकार' आहे. आज्याच्या पायाखालची जमीन वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच गेली होती आणि नांगर धरणाऱ्याला पत्ता नव्हता. कोणी मारहाण केली नाही, कोणी हुसकले नाही. एका रकान्यातला एक शब्द बदलला, एवढेच.

पुराव्याचा भार कुणावर, या प्रश्नाने सारे पारडे कसे फिरते ते महाडच्या खटल्यात दिसते. चवदार तळे अस्पृश्यांना बंद असल्याची अनादिकाळची वहिवाट आहे, असा दावा स्पृश्य मंडळींनी केला होता. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. अशी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. त्या वेळी 'पुरावा दाखवा' हे वाक्य त्यांना ऐकावे लागले.

आज ते पुन्हा आपल्याकडे वळले आहे. महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याचे कलम ८ जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकते. खोटी प्रमाणपत्रे घेऊन आपल्या जागा बळकावणारे आहेत, म्हणून तपासणी हवीच. तिला माझा विरोध नाही. पण दप्तर सरकारच्या ताब्यात आणि शोध मात्र मजुराच्या मुलाने घ्यायचा, हा कुठला न्याय? २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि सरकारी यंत्रणेने स्वतः जुनी दप्तरे उघडली, मोडी जाणणारे बसवले. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेबद्दल मला येथे बोलावयाचे नाही. सरकारला मनात आणले तर दप्तर शोधता येते, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

संगणकाने हे सारे सुटेल, असे काही मित्रांना वाटते. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. त्याने तलाठ्याच्या दारातले हेलपाटे कमी झाले, हे मान्य. परंतु संगणक जुन्या वहीतले 'सरकार' तेवढ्याच सुबक अक्षरात छापतो. लेखनचूक असेल तर संहितेच्या कलम १५५ खाली ती दुरुस्त होते. एखाद्या समाजाला वाचता येत नव्हते, ही मात्र लेखनचूक नव्हे.

तेव्हा काम आपणच उचलले पाहिजे. महाविद्यालयांतून मोडीचे वर्ग चालवावेत. प्रत्येक वस्तीचे जुने फेरफार माहितीच्या अधिकाराखाली मागवून त्यांचे वाचन करावे. आणि पुराव्याचा शोध ही सरकारचीही जबाबदारी आहे, ही मागणी संघटनांनी लावून धरावी.

त्या विद्यार्थ्याबरोबर मी तहसील कचेरीत गेलो. चौथ्या खेपेस गाव नमुना चौदा, म्हणजे जन्ममृत्यूची जुनी वही हाती आली. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी आम्ही सोबत नेले होते. त्यांनी बोट ठेवून वाचले: बापाचे नाव, जात महार, मुलगा झाला. मुलाचे नाव लिहिलेले नव्हते. जातीचा रकाना भरलेला, नावाचा रिकामा. तो मुलगा म्हणजे याचेच आजोबा, हे आता आम्हाला सिद्ध करावयाचे आहे.