आधी कोणाचं ऑपरेशन?
केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात, प्रतिकारशक्ती ढासळते. मग कोविडच्या साथीत रुग्णाला बोलवायचं, की गाठ वाढू द्यायची? २०२० मध्ये अनेक देशांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. परळच्या टाटा मेमोरियलने मात्र २३ मार्च ते ३० एप्रिलदरम्यान ४९४ नियोजित शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी एकही रुग्ण दगावला नाही. अर्थात, हा हिशेब परळला पोचलेल्यांचा. रेल्वे बंद असताना बिहारचा रुग्ण येणार कसा?

संथ वाढणारा प्रोस्टेटचा कर्करोग काही महिने थांबतो, रक्ताचा तीव्र कर्करोग थांबत नाही. ही क्रमवारी वैद्यकीय निकषांवर लागते. पण साथीच्या निर्बंधांमुळे अखेरच्या घटका मोजणाऱ्याजवळ एकालाच सोडायचं असेल, तर आई की बायको, हे वॉर्डातल्या सिस्टरने कशावरून ठरवायचं?