बिब्बा उतला तेव्हा

चांगल्या चाललेल्या कामात कुणी खोडा घातला, की आपण म्हणतो, ‘त्यानं बिब्बा घातला.’ ज्या फळानं आपल्या वाडवडिलांच्या टाचा, सांधे आणि जुनाट खोकले सांभाळले, त्याच्या वाट्याला भाषेत ही बदनामी आली. ती अगदीच अकारण नाही, हे मला १९८४ साली कळलं.

बँकेच्या नोकरीत तेव्हा मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी होतो. टाचांना भेगा पडल्या होत्या. शाखेतला शिपाई म्हणाला, ‘साहेब, बिब्बा लावा.’ मी बाजारातून चार काळे बिब्बे आणले, सुईला टोचून दिव्यावर धरले आणि टपकणारं तेल भेगांत भरलं. नकळत तोच हात तोंडावरून फिरवला. दोन दिवसांत डोळे उघडेनात इतका चेहरा सुजला. अंगभर पुरळ, खाज, आग. बिब्बा उतला होता!

शिपायाची म्हातारी आई खोबरं-तिळाचा लेप घेऊन आली. लावता लावता म्हणाली, ‘साहेब, तुमाले सोसते का नाही, हे कोनाले इचारलं होतं का?’ शेवटी उतार पडला तो डॉक्टरांच्या इंजेक्शनानं. पण तिचा प्रश्न मनात राहिला.

बिब्बा आंबा-काजूच्या कुळातला. काजूच्या टरफलात असतं तसंच दाहक तेल त्याच्या सालीत असतं. त्याच रसानं धोबी कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करत. आतली बी म्हणजे गोडंबी. ती मात्र बाळंतिणीच्या लाडवात मानानं जाते. चरकसंहितेनं भल्लातकाला, म्हणजे बिब्ब्याला, रसायनांत स्थान दिलं. तरी विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्याशिवाय वैद्य तो वापरत नाहीत. लहान मुलं, गर्भवती, पित्तप्रकृतीची माणसं यांना तो वर्ज्य. ऐन उन्हाळ्यातही नको. आपल्या औषध नियमांनीसुद्धा त्याला विषारी द्रव्यांच्या यादीत घातलं आहे.

आजीबाईचा बटवा हल्ली मोबाइलवरून घरोघर फिरतो. त्यात कृती असते, प्रमाण असतं. ‘तुला सोसेल का?’ असं विचारणारी म्हातारी तेवढी नसते. खरं औषध तर तिच्या त्या विचारण्यात होतं.

परवा सूनबाईंनी विचारलं, ‘बाबा, भेगांना बिब्बा लावू का?’ मी म्हटलं, ‘गोडंबीचा लाडू कर, मीही खाईन. बिब्ब्याला मात्र जाणत्या वैद्याला विचारल्याशिवाय हात लावू नकोस.’