समोर बसलेली स्त्री : लंडनपासून मुंबईपर्यंत

अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या सरदार घराण्यांत स्त्रीचे तैलचित्र करून घेणे हा प्रतिष्ठेचा भाग होता. जोशुआ रेनॉल्ड्स, थॉमस गेन्सबरो आणि जॉर्ज रॉम्नी यांच्या चित्रशाळांत उमरावांच्या बायका-मुली ठरल्या वेळी येऊन बसत. रेनॉल्ड्सच्या टिपणवहीत १७५८ या एका वर्षात सुमारे १५० जणांच्या बैठकांची नोंद आहे. चेहरा तो स्वतः रंगवी. वस्त्रांच्या चुण्या पुष्कळदा मदतनिसांकडे सोपवी. १७६८ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अकादमीचा तो पहिला अध्यक्ष. साध्या चेहऱ्याला पुराणकथेचा भारदस्तपणा द्यावा, हे त्याचे मत होते. म्हणूनच नटी सारा सिडन्स १७८४ मधल्या त्याच्या चित्रात शोकनाट्याची देवता होऊन सिंहासनावर बसली आहे. १७८५ मध्ये गेन्सबरोने तिलाच निळ्या पट्ट्यांचा पोशाख आणि काळी टोपी घातलेली लंडनची बाई म्हणून रंगवले. रेनॉल्ड्सच्या चित्रापुढे मान लवते, पण ओळख पटते ती गेन्सबरोच्या चित्रातल्या बाईची.

ही सारी कला एका सामाजिक मोकळिकीवर उभी होती. प्रतिष्ठित घरातली स्त्री परक्या पुरुषासमोर तासन्‌तास बसू शकत होती. महाराष्ट्रात ही कला आली तेव्हा रंग, कॅनव्हास आणि शिक्षक मिळाले. समोर बसणारी स्त्री मात्र सहज मिळाली नाही. इथल्या स्त्री-व्यक्तिचित्रणाचा इतिहास बराचसा या एका अडचणीने घडवला आहे.

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्यात आला. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याचा त्याला आधार होता. सवाई माधवराव, नाना फडणवीस आणि महादजी शिंदे हे वेल्सच्या गाजलेल्या चित्रांत दिसतात; वाड्यातल्या स्त्रिया त्यांत नाहीत. त्याने रंगवली ती मॅलेटची बिबी अंबर कौर. साहेबाच्या घरातली असल्यामुळेच ती साहेब चित्रकारासमोर बसू शकली, असे मानायला हरकत नाही. १७९५ च्या नोव्हेंबरात वेल्सचा मृत्यू झाला. मॅलेटच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली होती. तिथे शिकलेल्या गंगाराम तांबट यांनी वेरूळ-कार्ल्याची लेणी उत्तम रेखाटली, पण व्यक्तिचित्रणाची अखंड परंपरा काही तिथून सुरू झाली नाही.

ती सुरू झाली मुंबईत, १८५७ मध्ये उघडलेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत. प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग जिवंत माणसाचे डोके, मग पूर्ण देह, असा अकादमीच्या धर्तीचा क्रम तिथे रुळला. इथे शिकलेले पेस्तनजी बोमनजी (१८५१–१९३८) दिल्ली दरबाराचे चित्र करायला आलेल्या व्हॅलेंटाइन प्रिन्सेपकडून व्यक्तिचित्रणाचे धडे घेऊन तयार झाले. पोपटाला खाऊ घालणारी पारशी स्त्री हे त्यांचे १८८२ चे चित्र. त्यात थाट नाही, घर आहे. पारशी समाजात स्त्रीशिक्षण आणि बाहेरचा वावर लवकर आला, त्यामुळे ही चित्रे तिथे आधी झाली. पारशी कुटुंबांचे दुसरे आवडते चित्रकार म्हणजे एम. एफ. पिठावाला.

राजघराण्यांनी वेगळी वाट उघडली. सयाजीराव गायकवाडांनी राजा रविवर्मा यांना बडोद्यात बोलावले आणि त्यांच्या कुंचल्यातून महाराणी चिमणाबाई उतरल्या. नऊवारी नेसण, नथ, खोपा हे सारे त्यांनी डोळ्यांत साठवले. त्यांच्या देवी आणि नायिका मराठी नेसणीत दिसतात, त्याचे मूळ इथे आहे. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि काही काळ घाटकोपरला होता. पुढे छापखाना मळवलीला गेला. या शिळाछापांनी सामान्य घरांच्या भिंतींवर जी स्त्री नेली, तिला नाव-गाव नव्हते. इंग्रजी चित्रातली सरदारीण कुणाची तरी बायको किंवा मुलगी म्हणून ओळखली जाई. इथे व्यक्ती विरघळून देवी उरली. गायिका अंजनीबाई मालपेकर रविवर्म्यांसाठी बसल्या असे सांगितले जाते. कलावंतिणीला पडद्याचे बंधन नव्हते.

नाव असलेली स्त्री पुन्हा कॅनव्हासवर आली ती चित्रकारांच्या स्वतःच्या घरातून. गोव्याचे आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांनी पत्नी फ्लोरेंतिना आणि मुली वारंवार रंगवल्या. अंधारातून पुढे येणारा चेहरा, एका बाजूने पडणारा ऊबदार प्रकाश यांमुळे त्यांना पूर्वेचा रेम्ब्रांट म्हणत. ‘फ्लोरा’ या चित्रातल्या स्त्रीला कुणाला आपले वैभव दाखवायचे नाही. ती रंगवणाऱ्याला ओळखते, आणि ही ओळख नजरेत उतरली आहे. पैसे देऊन करवलेल्या चित्रांत हा विसावा क्वचितच सापडतो. त्यांची मुलगी अँजेला पुढे स्वतः नामांकित चित्रकार झाली.

सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे समईच्या उजेडातल्या स्त्रीचे जलरंगचित्र सर्वांत लोकप्रिय ठरले. दिवाळीत मुलगी गीता हातात दिवा घेऊन उभी असताना त्यांना ते सुचले, आणि चित्रासाठी तीच उभी राहिली. ज्योत तळहाताने झाकलेली आहे. बोटांच्या कडांतून रक्ताची लाली झिरपते आणि चेहऱ्यावर तोच उजेड पसरतो. जलरंगात चूक पुसता येत नाही, म्हणून कागदाचा उजळपणा राखत, पातळ थरांवर थर देत ही झळाळी साधावी लागते. तैलरंगात हा परिणाम तुलनेने सोपा असतो, आणि हळदणकरांचा मोठेपणा तिथेच आहे. मैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात हे चित्र आहे. तिथले अनेक प्रेक्षक ते रविवर्म्यांचे समजतात. गीता उपळेकर २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, कोल्हापुरात वारल्या.