डोंगर चढणारे पतंग

आमच्या मुरुमच्या शिवारातून डोंगर दिसत नाही. बालाघाटचे पठार इथवर येईतो सपाट झालेले असते, पलीकडे कर्नाटकाची हद्द लागते. मृगाच्या सरी पडल्या की अंगणातल्या दिव्याखाली पंख फुटलेल्या वाळवीचा आणि पतंगांचा खच पडतो, तेवढीच आमची त्यांच्याशी गाठ. जंगलाचा डोंगर चढत गेले की हे जीव कसे बदलत जातात, हा प्रश्न म्हणूनच मला सपाटीवरून फार ओढतो.

१८०२ साली निसर्गशास्त्रज्ञ आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट दक्षिण अमेरिकेतल्या चिंबोराझो पर्वतावर चढला आणि उंचीनुसार बदलणारे वनस्पतींचे पट्टे त्याने पुढे चित्रात मांडले. झाडे जागची हलत नाहीत, कीटक हलतात, त्यामुळे त्यांचा हिशेब अवघड. हजार मीटर चढले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, तेव्हा वर जावे तसे कीटक कमी होणार, असे कोणालाही वाटेल. मुंग्या आणि मधमाश्यांबाबत ते बरेचसे खरे ठरले. मधमाश्या विरळ झाल्या की वरच्या फुलांवरचे परागीभवन माश्या सांभाळतात. पतंगांनी मात्र हा नियम मोडला. सोयाबीनवरच्या उंटअळीसारख्या पाठ उंचावून चालणाऱ्या अळ्यांचे जे जिओमेट्रिड पतंग, त्यांच्या जाती बहुतेक डोंगरांवर मधल्या उंचीला सर्वांत जास्त भरतात. तिथले धुके आणि ओलावा हे कारण, की पायथ्याच्या आणि माथ्याच्या जाती तिथे एकमेकींत मिसळतात म्हणून, हा वाद अजून मिटलेला नाही.

१९६७ मध्ये जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेनने एक विलक्षण मुद्दा मांडला. उष्ण कटिबंधात वर्षभर तापमान फारसे हलत नाही, म्हणून तिथल्या जिवांची सहनशक्तीही अरुंद. हिवाळे-उन्हाळे सोसलेला युरोपातला कीटक जो घाट सहज ओलांडेल, तितक्याच उंचीचा घाट आपल्याकडच्या कीटकाला भिंतीसारखा आडवा येतो. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा विचार वाटतो.

महाराष्ट्राचा या शोधातला धागा पुण्याहून निघतो आणि अरुणाचलात पोहोचतो. आयसर पुणे इथले रमणा आत्रेय मूळचे खगोलशास्त्रज्ञ. ईगलनेस्ट अभयारण्यात २००६ साली बुगुन लिओसिक्ला हा नवा पक्षी त्यांनी जगापुढे आणला, तोही एकही पक्षी न मारता. पुढे संशोधक मानसी मुंगी आणि आत्रेय यांनी तिथेच २०० ते २७७० मीटरपर्यंत १३ उंचींवर हॉक मॉथ नोंदवले. तिळावर शेपटाला शिंग असलेली जाडजूड अळी दिसते, तिचेच हे कुळ. रात्री उजेडाच्या पडद्यावर बसलेल्या पतंगांचे फोटो काढून त्यांवरून अंगाची, पंखांची मापे घ्यायची, अशी त्यांची रीत. तीन हजारांहून अधिक पतंगांची मापे २०२० साली प्रसिद्ध झाली.

जुनी नोंद किती कामाला येते, हे बोर्निओच्या किनाबालू पर्वताने दाखवले. १९६५ साली तिथे जिओमेट्रिड पतंग मोजले होते. २००७ मध्ये त्याच जागांवर पुन्हा मोजणी झाली, तेव्हा १०२ जाती सरासरी ६७ मीटर वर सरकलेल्या आढळल्या. हवा तापली आणि पतंग डोंगर चढले.

सह्याद्रीत हे ताडून पाहणे अवघड आहे. इथे उंचीत पाऊस मिसळतो. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस पूर्वेला वाईच्या बाजूस उतरेपर्यंत पार आटतो, मग दोन्हीकडच्या कीटकांमधला फरक उंचीचा की पावसाचा, कसे ठरवायचे? त्यात ऋतूही आलाच. कृष्णमेघ कुंटे यांनी १९९७ साली उत्तर सह्याद्रीतल्या चार अधिवासांतली फुलपाखरे ऋतूंनुसार कशी कमी-जास्त होतात, हे मांडले. एकाच ऋतूत गणती करणाऱ्याने ते आधी वाचावे.

आणि आपले डोंगर बुटके. राज्यातले सर्वांत उंच कळसूबाई शिखर १६४६ मीटर. किनाबालूच्या पतंगांना वर जागा होती. आपल्या माथ्यावरच्या जातींना ती नाही. तेव्हा पायथ्यापासून माथ्यापर्यंत ठरल्या जागी, दर ऋतूत मोजणी आत्ताच सुरू व्हायला हवी. पांढरा पडदा, दिवा आणि कॅमेरा एवढ्यावर ती होते, कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला परवडते. आमच्या जिल्ह्यात येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात रीतसर परवानगी काढून सुरुवात करता येईल.